वेळ शेवटी ठरवा: हौशी धावपटूसाठी मॅरेथॉनचा सराव आणि पेस

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन झाली की सोमवारी संध्याकाळपासून फोन सुरू होतात. वाक्य ठरलेलं: ‘तिसापर्यंत मस्त चाललं होतं, मग काय झालं कळलंच नाही.’ पहिले दहा किलोमीटर किती मिनिटांत केले, एवढंच मी विचारतो. समोर थोडा वेळ शांतता असते.

चूक क्रमात आहे. नोंदणी करतानाच ‘साडेचारच्या आत’ असं काहीतरी मनात ठरतं. त्याला मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरनं भागून पेस, म्हणजे किलोमीटरमागची वेळ, निघतो आणि मग सगळा सराव त्या आकड्याच्या मागे फरफटत जातो. वेळ ठरवायचं काम खरं तर शर्यतीच्या आठवड्यातलं. म्हणून ते खाली नवव्या टप्प्यात आलंय. तिथे थेट उडी मारू नका.

हे सगळं एक-दोन हाफ (२१.१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन) झालेल्या, नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यातून चार दिवस पळणाऱ्या आणि पहिली किंवा दुसरी फुल (पूर्ण मॅरेथॉन) करू पाहणाऱ्यांसाठी. उदाहरण म्हणून शेवटपर्यंत एकच धावपटू घेतो: हाफ २ तास १० मिनिटांत करणारा. तुमचे आकडे त्या हिशेबानं वरखाली करून घ्या.

टप्पा १: भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा

मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून १८ आठवडे उलटे मोजले की सप्टेंबरचा मध्य येतो. आता पेन्सिल घेऊन जे रविवार आधीच गेलेत ते खोडा. विसर्जनाची रात्र जागवली की दुसऱ्या दिवशी पळणं नाही. नवरात्राचे नऊ दिवस उपवास करणार असाल, तर मधला रविवार कमी अंतराचा ठेवा. दिवाळीत पाडवा-भाऊबीज आहेच. आणि तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी पत्रिका यायला लागतात.

हे आधी का करायचं? कारण लाँग रन, म्हणजे रविवारचं लांब पल्ल्याचं पळणं, ऐनवेळी सरकवला की पुढचा रविवार आणि हा, दोन्ही बिघडतात. सरकवायचाच असेल तर आधीच सरकवून कागदावर लिहून ठेवा. पुण्यातली डिसेंबरची शर्यत करणाऱ्यांचं मोजणं ऑगस्टच्या सुरुवातीला जाऊन पोचतं. त्यांच्या वाट्याला पाऊस आणि ओले बूट येतात, पण ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत पाया तयार झालेला असतो.

सावधान: हुकलेला रविवार बुधवारी ‘भरून’ काढायचा नाही. हुकला तो हुकला. अठरांपैकी दोन-तीन हुकल्यानं काही बिघडत नाही.

टप्पा २: आधी पात्रता, मग पैसे

अठरावा आठवडा उलटा मोजून पहिल्या दिवसावर उभे राहिलात की तीन प्रश्न विचारा. गेले दोन महिने आठवड्याला २५ ते ३० किलोमीटर सलगपणे झालेत का? एका दमात १४ किलोमीटर पळून दुसऱ्या दिवशी जिने उतरताना चेहरा वाकडा होत नाही ना? गेल्या तीन महिन्यांत एकच दुखणं दोनदा आलेलं नाही ना? एखाद्या प्रश्नाचं उत्तर अडलं तर यंदा हाफच करा. फुल पुढच्या वर्षीही असते.

चाळिशी ओलांडली असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि ‘४२ किलोमीटर पळणार आहे’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘व्यायाम करतो’ म्हणालात तर ते ‘उत्तम, चालू ठेवा’ म्हणतील.

बुटांबद्दल फार लिहीत नाही. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्या. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. जोडी ५०० ते ८०० किलोमीटर टिकते. शर्यतीचे बूट शर्यतीआधी किमान दोन लाँग रनमध्ये वापरलेले असावेत.

टप्पा ३: तीन पेस, आणि त्यांची गल्लत

आपल्या २:१० वाल्याचा हाफचा पेस ६:१० चा, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं १० सेकंद. त्यावरून तीन पेस निघतात.

इझी: ७:१५ ते ७:४५. आठवड्याचा बहुतेक सगळा सराव यातच. परीक्षा सोपी आहे. पळता पळता सोबत्याला ‘येताना कोथिंबीर आण, आणि जुडी सोडून बघून घे’ एवढं एका श्वासात म्हणता आलं पाहिजे. ‘जुडी’वर श्वास तुटला तर तुम्ही इझी पळत नाही आहात.

शर्यतीचा पेस: तूर्त ६:४५ धरा. तूर्त या शब्दावर जोर आहे.

टेम्पो, म्हणजे जोराचा पण आवाक्यातला पेस: ५:५५ ते ६:००. आठवड्यातून एकदाच. दोन किलोमीटर इझी, मग २ किलोमीटरचे तीन तुकडे टेम्पोनं, मध्ये तीन मिनिटं अगदी सावकाश, शेवटी एक किलोमीटर इझी. पुण्यात सणस मैदान किंवा बालेवाडीच्या ट्रॅकवर केलंत तर ४०० मीटरच्या फेरीवर पेस हातात बसतो.

आठवडा असा: मंगळवारी इझी ८, बुधवारी टेम्पो, शुक्रवारी इझी ६ ते ८, रविवारी लाँग रन. उरलेल्या दिवसांतले दोन दिवस २० मिनिटांच्या ताकदीच्या व्यायामाला.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी की मंगळवार, बुधवार, शुक्रवार तिन्ही दिवस ६:३० नं पळलं जातं. टेम्पोला हळू, इझीला जोरात. मेहनत पूर्ण होत नाही आणि विश्रांतीही मिळत नाही. तीन महिने हेच केलं की नडगी किंवा टाच बोलायला लागते आणि दोष बुटांवर जातो.

ऑक्टोबरच्या उन्हात घड्याळ बाजूला ठेवा आणि कोथिंबिरीवर जा. सप्टेंबरात ७:२० नं सहज जाणारं अंतर तेव्हा ७:५० नं गेलं तरी ते इझीच. नोव्हेंबरच्या थंडीत आकडे आपोआप परत येतात.

टप्पा ४: लाँग रन

इथे वेळ घेऊ, कारण मॅरेथॉनची तयारी म्हणजे मुख्यतः हे पंधरा-सोळा रविवार.

अठरा आठवड्यांचे रविवार, किलोमीटरमध्ये: १४, १६, १८, १४, १८, २०, २२, १६, २४, २६, २०, २८, ३०, २२, ३२, २२, १४ आणि अठरावा रविवार शर्यतीचा. दर दोन-तीन आठवड्यांनी आकडा खाली येतो, तो छापण्यातला घोळ नाही. हाडं, पोटऱ्या, घोट्यामागचा दोर हे सगळं त्या हलक्या आठवड्यात भरून येतं. नेमका तोच आठवडा लोक ‘बरं वाटतंय’ म्हणून खाऊन टाकतात.

पहिला नियम अंतराचा आहेच, पण त्याच्या वर वेळेचा नियम. साडेतीन तास झाले की थांबा, मग २८ च का होईनात. ७:३० नं पळणाऱ्याला ३२ किलोमीटरला चार तास लागतात. शेवटच्या अर्ध्या तासात शरीर नवं काही शिकत नाही, फक्त मोडतं. अशा धावपटूनं ३० आणि ३२ च्या जागी २८ चे दोन रविवार करावेत. मॅरेथॉनआधी एकदा तरी ४२ ‘करून बघायचं’ असं कुणी सुचवलं तर मान डोलवा आणि करू नका.

दुसरा नियम पेसचा: ७:१५ ते ७:४५. आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये बँकेतला एक गृहस्थ आहे. विद्यापीठाच्या फाटकापासून पहाटे सव्वापाचला सगळे निघतात, पाषाणपर्यंत गप्पा चालतात. मग मागून कुणीतरी तरुण झपकन पुढे जातो आणि याचे खांदे वर होतात. एका रविवारी चहाच्या टपरीवर त्यानं कौतुकानं घड्याळ पुढे केलं. पहिले किलोमीटर ७:१०, विसावा ६:२०, चोविसावा ६:०५. कपाळावरचं मीठ वाळून पांढरं झालं होतं, कपातला चहा हलत होता, आणि तो पुढचे दहा दिवस धड पळू शकला नाही. त्या रविवारी त्याची शर्यत झाली, फक्त मेडल मिळालं नाही.

तिसरा नियम असा की काही लाँग रनमध्ये शर्यतीचा पेस मुद्दाम घालायचा. २६ मधले शेवटचे ६ किलोमीटर ६:४५ नं. ३० मध्ये ८-८ किलोमीटरचे दोन तुकडे ६:४५ नं, मध्ये ३ इझी. थकलेल्या पायांना तो पेस कसा लागतो हे इथे कळतं. बाकीचे रविवार निव्वळ सावकाश.

रस्त्याचंही थोडं बघा. पाषाण-सूसकडचा रस्ता चढउताराचा आहे, एनडीए रोड पहाटे बरा, आणि सपाट चकरा हव्या असतील तर मगरपट्टा. उजव्या बाजूनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळा. अंधारात चमकणारा पट्टा लावा. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. तासन्‌तास एकाच कडेनं पळलं की एकाच गुडघ्याची बाहेरची बाजू धरते, म्हणून निर्धोक ठिकाणी मधूनमधून बाजू बदला. कुत्री मागे लागली तर पळणं थांबवून चाला. बहुतेकदा त्यांचाही उत्साह ओसरतो.

तपासणी: लाँग रननंतरच्या बुधवारी पाय टेम्पोला तयार हवेत. नसतील तर रविवार जोरात झाला. अंतर कमी करू नका, पेस कमी करा.

आणि दुखण्याची तपासणी. दोन्ही पाय सारखे भरून आलेत, तर ती मेहनत आहे. एकाच पायाचं दुखणं चाल बदलायला लावतंय, तर त्या दिवशी पळायचं नाही. नडगीवर बोटानं दाखवता येईल अशा एका ठिकाणी दुखतंय आणि रात्री पडल्यावरही ठणकतंय, तर स्प्रे मारत बसू नका. हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

टप्पा ५: टेकडी, पण बेतानं

पुणेकराला टेकडी फुकट मिळालीय. वेताळ टेकडीच्या मातीवर सावकाश पळणं गुडघ्यांना रस्त्यापेक्षा सुखाचं. दहा दिवसांतून एकदा चढाचे तुकडे करा: एक मिनिट चढ, चालत खाली, असे आठ. मुंबईच्या मार्गावर शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो, तिथे हे उपयोगी पडतं.

मोह असतो सिंहगडाचा. पायथ्यापासूनचा गाडीरस्ता सुमारे नऊ किलोमीटर चढतो, आणि नोव्हेंबरात कुणीतरी ग्रुपवर टाकतंच, ‘रविवारी गड?’ जायचं असेल तर पहिल्या दहा आठवड्यांत जा, आणि उतरताना गाडीनं या. चढानं दम लागतो, मांड्या मात्र उतारानं फाटतात. शर्यतीआधीच्या शेवटच्या चार आठवड्यांत पिठलं-भाकरी खायलासुद्धा पळत जाऊ नका.

ताकदीचे व्यायाम थोडेच करा, पण चुकवू नका. पायरीच्या कडेवर एका पायानं टाच वर-खाली (१२ चे तीन संच), बैठका, लंज, प्लँक.

टप्पा ६: पाणी, मीठ, साखर

तीन गोष्टी, तीन हिशेब. त्यांची खिचडी केली की शर्यतीत पोट बिघडतं.

पाणी. एका दोन तासांच्या रनआधी आणि नंतर, कपडे काढून, घाम पुसून वजन करा. समजा ६८ चं ६६.६ झालं आणि वाटेत अर्धा लिटर प्यायलात. म्हणजे १.९ लिटर घाम गेला, तासाला साधारण ९५० मिलिलिटर. हा आकडा कमाल मर्यादा आहे. तेवढं पिण्याचं बंधन नाही, तहानेप्रमाणे त्याच्या आत राहायचं. गेल्या घामापेक्षा जास्त साधं पाणी पोटात ओतलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची चिन्हं, आणि ते जिवावर बेतू शकतं. पाण्याच्या प्रत्येक टेबलवर दोन-दोन ग्लास रिचवणारे सावकाश धावपटू यात सापडतात.

मीठ. ओआरएसचं पाकीट ज्या मापाचं तेवढ्याच पाण्यात घाला. लिटरचं पाकीट अर्ध्या बाटलीत ओतलं की पोट ढवळतं. आणि ओआरएसला ऊर्जा समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं.

साखर. चार-पाच तास पळणाऱ्याला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका जेलमध्ये (पळताना खायची गोड, दाट पेस्टची पुडी) साधारण २० ते २५ ग्रॅम, मध्यम केळ्यात तेवढीच. म्हणजे दर ३०-४० मिनिटांनी एक जेल किंवा तेवढ्याच साखरेचं काहीतरी. पहिलं चाळिसाव्या मिनिटाला, भूक लागलेली नसताना. ‘गरज वाटली की घेईन’ म्हणणाऱ्याला गरज वाटते तेव्हा पोट घेण्याच्या मनःस्थितीत नसतं. जेल साध्या पाण्याच्या घोटाबरोबर, गोड पेयाबरोबर नाही. घरगुती हवं असेल तर बी काढून चार तुकडे केलेला खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. शेंगदाण्याची चिक्की पळताना नको. त्यातली चरबी पोटात बसून राहते आणि कण घशात अडकतात.

शर्यतीत जे खाणार ते किमान तीन लाँग रनमध्ये, त्याच मिनिटांना खाऊन बघा. पहाटेचं खाणंसुद्धा.

सावधान: दुखतंय म्हणून शर्यतीआधी किंवा मध्ये आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडांवर येतात.

टप्पा ७: घड्याळ आणि पाटी यांचं भांडण

मार्ग मोजताना वळणांची सगळ्यात आखूड रेषा धरतात. आपण गर्दीत नागमोडी पळतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो, उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं. शेवटी मनगटावर ४२.६ किंवा ४२.८ दिसतं. म्हणजे घड्याळावर ६:४५ पाळणारा रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांच्या हिशेबानं हळूच जात असतो.

४ तास ४५ मिनिटांचं उदाहरण घ्या. घड्याळात ४२.७ होणार असतील, तर त्यावर सरासरी ६:४० दिसली पाहिजे. तरच खरा ६:४५ पडतो. मला हे माझ्या पहिल्या फुलमध्ये कळलं. घड्याळानं ४२.१९५ झाल्याचं सांगितलं, मी वेळ बघून खूश झालो, आणि शेवटची कमान अजून मारुतीच्या शेपटासारखी लांब.

उपाय जुनाच आहे. घड्याळाचा आपोआप लॅप (दर किलोमीटरची नोंद) बंद करा आणि किलोमीटरच्या पाटीशी बटण दाबा. डिसेंबरातल्या एखाद्या हाफमध्ये याची तालीम करा. वळण आलं की दूरवरच्या पुढच्या वळणाच्या आतल्या कोपऱ्याकडे सरळ बघत पळा.

टप्पा ८: शेवटचे तीन आठवडे

३२ चा रविवार झाला की कमाई संपली. पुढच्या आठवड्यात एकूण अंतर पाव भागानं कमी, त्यानंतर निम्म्यावर, शर्यतीच्या आठवड्यात दोन-तीन छोटे रन. दिवस तेवढेच, थोडा शर्यतीचा पेसही ठेवा, फक्त लांबी कापा. या दिवसांत गुडघा, घसा, टाच सगळं दुखायला लागतं. बरंचसं मनातलं असतं. ‘शेवटचा एक बावीस मारून बघू’ ही त्यावरची सगळ्यात वाईट गोळी.

शेवटचे दोन दिवस भात, पोळी, बटाटा, केळी, साखर वाढवा आणि तेल-तूप कमी करा. एकूण जेवण डोंगराएवढं नको, ताटातला भाताचा वाटा वाढला पाहिजे. आदल्या दिवशी कोशिंबीर, उसळी, बाजरीची भाकरी, मिसळ बंद. रात्री सातलाच साधं वरण-भात-लिंबू.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. ते आधीच्या दिवसांत प्रदर्शनात जाऊन घ्यावं लागतं. पुण्याहून जाणाऱ्यांनी हे काम जमलं तर शुक्रवारी उरका. शनिवारी चार तास स्टॉल बघत उभं राहणं म्हणजे पायांतून पाच किलोमीटर काढून देणं. तिथून घेतलेले मोजे रविवारी घालू नका. मी घातले होते, अंगठ्याचं नख मार्चपर्यंत काळं होतं.

टप्पा ९: आता वेळ ठरवा

शर्यतीच्या आठवड्यात, वही समोर घेऊन.

पहिली पायरी: अलीकडच्या हाफची दुप्पट, अधिक २० ते २५ मिनिटं. २:१० चे ४:४० ते ४:४५. नेटवरची गणितयंत्रं ४:३० च्या आसपास सांगतात. ती आठवड्याला ७०-८० किलोमीटर पळणाऱ्याला लागू पडतात, चाळीस-पन्नासवाल्याला नाही.

दुसरी पायरी: वजावट. २६ च्या वरचे किती लाँग रन झाले? तीनपेक्षा कमी असतील तर दहा मिनिटं वाढवा. ३० च्या रनमधला ६:४५ चा दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा जड गेला? पाच-दहा मिनिटं अजून.

तिसरी पायरी: हवा. पुण्यात जानेवारीच्या पहाटे कोरडी थंडी असते, आपण त्यात तयार होतो. मुंबईत दमटपणा, घाम वाळत नाही, आणि आठनंतर ऊन. पुण्यात सहज जाणारा पेस तिथे किलोमीटरमागे १० ते १५ सेकंदांनी जड धरा. ही माझी वजावट, अनुभवातून आलेली.

जो आकडा निघेल तो मान्य करा. ‘पण सराव तर साडेचारचा केला’ असं आतून येईल. सराव पेसचा केला होता. वेळ आत्ता ठरतेय.

४:४५ ठरली, तर पाट्यांशी वेळा अशा: १० ला १:०७:३०, हाफला २:२२:२४, ३० ला ३:२२:३०, ३५ ला ३:५६:१५, ४० ला ४:३०:००. या पाच ओळी कागदावर लिहून वर पारदर्शक टेप लावा आणि मनगटाला बांधा. हातावर बॉलपेननं लिहिलेलं घामानं हाफलाच पुसलं जातं.

टप्पा १०: शर्यत, चार तुकड्यांत

सुरू होण्याआधी तीन तास खाणं: ब्रेड-जॅम, केळं, थोडा उपमा, जे सरावात खाल्लं होतं ते. संडासची रांग हिशेबात धरा.

० ते ५: ६:५५ ते ७:००. बँड वाजतोय, लोक टाळ्या देतायत, पाय ताजे, आणि ६:४५ म्हणजे चालल्यासारखं वाटतं. इथे शेकडो लोक तुम्हाला मागे टाकणार. टाकू द्या. या पाच किलोमीटरमध्ये मिनिटभर मागे पडाल आणि ते मिनिट पुढच्या पंचवीसमध्ये न कळत भरून निघतं. उलट इथे ‘बँकेत टाकलेली’ दोन मिनिटं शेवटी दहा-पंधरा मिनिटांच्या व्याजानं वसूल होतात. पहिल्या फुलला मी १० ची पाटी १:०३ ला ओलांडली होती. तेहतीसला पोटऱ्यांत गोळे आले, आणि पोलिसांच्या बॅरिकेडला धरून उभा असताना एका आजीबाईंनी मीठ लावलेली संत्र्याची फोड हातात दिली.

५ ते ३०: घड्याळापेक्षा पाटी, पाटीपेक्षा श्वास. चढावर पेस सोडा, श्वास तोच ठेवा, उतारावर उड्या मारू नका. पेसरच्या (ठरलेल्या वेळेत नेणाऱ्या, झेंडा घेतलेल्या धावपटूच्या) बसमध्ये, म्हणजे त्याच्या मागच्या घोळक्यात, जायचं असेल तर आधी त्याच्या झेंड्यावरची वेळ बघा, आणि तो वाटेत चालणार आहे का ते विचारा. बरेच पेसर पळा-चाला पद्धतीनं नेतात. ते चांगलंच, पण तुमचा सराव तसा नसेल तर लय तुटते.

तपासणी, हाफच्या पाटीशी: आत्ता कुणी म्हणालं ‘हाच पेस अजून दहा किलोमीटर’, तर ‘आरामात’ असं उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर लगेच १० सेकंद हळू व्हा. तिसाव्याला हा निर्णय आपल्या हातात राहत नाही.

३० ते ३८: शर्यत इथे सुरू होते. शरीरातला साठा संपत आलेला, ऊन वर, आणि मुंबईत पेडर रोड समोर. मनात मोठे आकडे आणू नका, पुढची पाटी एवढंच. चालायचंच असेल तर पाण्याच्या टेबलाशी, मोजून तीस पावलं, मग पुन्हा पळणं. ठरवून चाललेलं चालतं. हरून चाललं की पुन्हा पळणं जमत नाही. गोळा आला तर थांबून हलका ताण द्या, झटके नकोत.

३८ नंतर: उरलं असेल ते द्या. उरलेलं असतं का? पहिले पाच नीट गेले असतील तर हो.

सावधान: छातीत दाब, चक्कर, अंगावर काटा येऊन थंडी वाजणं, बोलताना शब्द अडखळणं यातलं काहीही झालं तर थांबा आणि स्वयंसेवकाला सांगा.

टप्पा ११: कमानीनंतर

बसू नका. दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, कोरडा शर्ट घाला, अर्ध्या तासात काहीतरी खारट आणि काहीतरी गोड खा. लगेच जोराचं मालिश नको. परतीच्या गाडीत अर्ध्या-पाऊण तासानं उठून उभे राहा, नाहीतर पुणे स्टेशनचा जिना उतरताना लोक हात द्यायला येतात.

पहिला आठवडा पळणं बंद, चालणं चालू. दुसऱ्या आठवड्यात इच्छा झाली तर पर्वतीवर जा. वर चढण्यात काही नाही, खरी परीक्षा उतरताना. कठड्याला हात न लावता खालपर्यंत आलात तर दुसऱ्या दिवशी चार किलोमीटर सावकाश पळा. हात लावावा लागला, तर आणखी आठवडाभर चाला.